तीन वर्षांपूर्वीचं माप

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. चव्वेचाळिशी गाठली, भांगात पांढरी बट आली, तरी धाकटीच. परदेशात या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. सोळा वर्षं ती त्या नावाशिवाय राहत होती. फक्त रविवारी दुपारी फोनवर, अर्धा-पाऊण तास, ती पुन्हा धाकटी व्हायची.

तिचं काम दात बनवण्याचं. दातांची डॉक्टर नव्हे, हे तिला आयुष्यभर लोकांना समजावत बसावं लागलं. डॉक्टर तोंडात बघतो, माप घेतो आणि डबीत घालून पाठवून देतो. मग कुठल्यातरी इमारतीच्या मागच्या खोलीत बसून कुणीतरी त्या मापात प्लास्टर ओतून जबडा काढतं, त्यावर मेण चढवतं, मेणात एकेक दात बसवतं आणि कवळी तयार करतं. धाकटी त्या ‘कुणीतरी’पैकी एक.

स्वतःच्या गावी तिनं नऊ वर्षं नुसतं प्लास्टरच कालवलं. दात लावायचं काम पुरुषांचं. “मुलींचा हात हलका असतो, मान्य. पण जबाबदारी नको का पेलायला?” असं तिथले शेठ म्हणायचे आणि तिच्यापुढे पुढची बादली सरकवायचे. एका जाहिरातीला तिनं चिडून अर्ज केला आणि दोन वर्षांसाठी म्हणून निघून गेली. परदेशातल्या लॅबचा म्हातारा प्रमुख, ज्याला ती मनातल्या मनात उस्ताद म्हणायची, पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात मेणाचा गोळा देऊन म्हणाला, “डोळे मीट आणि दाढ कोर.” तिनं कोरली. त्यानं ती भिंगाखाली धरली, बराच वेळ फिरवली, आणि खिडकीजवळच्या टेबलावरचं आपलं सामान उचलून तिच्यासाठी जागा केली.

त्या खिडकीत तिची सोळा वर्षं गेली. बाहेर नदीवर धुकं असायचं, इतकं दाट की पलीकडचा काठ दुपारी केव्हातरी हळूच उगवायचा. आत तिच्या टेबलावर बिनचेहऱ्याची हसणी ओळीनं मांडलेली. ती माणसं तिला कधी भेटली नाहीत. पण कोण रात्री दात खातो, कोण एकाच बाजूनं चावतो, कोणाला पाइप ओढायची सवय आहे, हे तिला कळायचं. कधीकधी ट्राममध्ये समोरचा माणूस जांभई द्यायचा आणि तिला वाटायचं, हा जबडा मी ओळखते. मग धुक्यातून जाणाऱ्या त्या डब्यात सगळेच तिला जवळचे वाटू लागायचे.

पण बोलायची वेळ आली की गाडी अडायची. भाषा येत नव्हती असं नाही. बँक, दवाखाना, भाडेकरार, सगळं तिनं त्या भाषेत निभावलं होतं. पण विनोद निभावत नव्हता. कुणी काही म्हटलं की तिला चपखल उत्तर सुचायचं, ते घरी जाऊन चहा ठेवल्यावर. त्यामुळे लॅबमध्ये ‘शांत, मृदू स्वभावाची बाई’ अशी तिची ख्याती झाली होती. आईनं हे ऐकलं असतं तर हसून हसून तिला ठसका लागला असता. या मुलीच्या जिभेनं गावातल्या तीन आत्या आणि एक मुख्याध्यापक घायाळ केले होते.

तीन वर्षांपूर्वी ती सुट्टीत घरी गेली होती, तेव्हा सहज गंमत म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून तिनं आईच्या तोंडाचं माप घेतलं. आई त्र्याहत्तरची. जुनी कवळी काढून ठेवलेली, तोंडात थंडगार लगदा, डोळे विस्फारलेले. वहिनी शेजारी भांडं धरून उभी आणि हसू आवरत नाही. त्या मापात धाकटीनं प्लास्टर ओतलं आणि आईचा जबडा स्वेटरमध्ये गुंडाळून बरोबर नेला. विमानतळावर तपासणाऱ्या बाईनं स्वेटर उलगडला आणि विचारलं, “हे काय?” चौदा तासांच्या प्रवासानं पेंगुळलेली धाकटी म्हणाली, “माझी आई.”

त्या बाईनं तो जबडा पुन्हा गुंडाळला, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा, आणि काहीतरी हळू आवाजात म्हणाली. काय म्हणाली ते धाकटीला कळलं नाही.

तेव्हापासून तो जबडा तिच्या खोलीत फळीवर होता. सकाळी त्यावर उजेड पडायचा. कुलूप लावताना ती रोज त्याच्याकडे बघून म्हणायची, “येते गं.”

एका रविवारी फोन वहिनीनं उचलला. आईची कवळी बेसिनमध्ये पडून दोन तुकडे झाली होती. “इथले डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांत नवी करून देतो.”

“अजिबात नाही,” धाकटी म्हणाली. “माझ्या आईची कवळी दुसरं कुणी करणार? मग मी कशाला आहे? माझ्याकडे माप आहे.”

सहा आठवडे तिनं जेवणाच्या सुट्टीत ते काम केलं. घाई केली नाही. आईचा तिशीतला एक फोटो तिच्याकडे होता. विहिरीच्या कठड्यावर बसलेली आई, तोंडभर हसणारी, उजवीकडचा सुळा शेजारच्या दातावर किंचित चढलेला. धाकटीनं तो सुळा तसाच तिरका लावला. मेण गरम करावं, दात केसभर वळवावा, थांबावं, बघावं. त्या अर्ध्या तासात लॅबमधले आवाज लांब जायचे. खिडकीबाहेरचं धुकं आत येऊन टेबलाभोवती बसल्यासारखं वाटायचं आणि मेणातून आई हळूहळू वर यायची. आताची आई नव्हे; विहिरीच्या कठड्यावरची, जी उडी मारून खाली उतरायची आणि पदर खोचून भराभर चालायला लागायची.

उस्ताद एकदा मागे येऊन उभा राहिला. “सुरेख आहे,” तो म्हणाला. मग म्हणाला, “माप कधीचं?”

“अलीकडचंच,” ती म्हणाली.

तिला माहीत होतं. दात गेले की हिरडी वर्षावर्षाला झिजते, जबडा आपला आकार बदलत राहतो, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. कुठल्या डॉक्टरनं तीन वर्षांपूर्वीचं माप पाठवलं असतं तर तिनंच डबी परत पाठवली असती, वर चार शब्द सुनावून. पण तो फळीवरचा जबडा ती रोज बघत होती. रोज बघितलेली वस्तू जुनी वाटत नाही.

कवळी गेली आणि पोचली. पुढच्या रविवारी आईचा आवाज टवटवीत.

“एकदम झकास बसली गं! शेजारीण म्हणाली, दहा वर्षांनी लहान दिसताय.”

“थांब. साठपासून सत्तरपर्यंत अंक म्हण.”

“परीक्षा घेतेस का माझी?”

“म्हण तर.”

“साठ, एकसष्ट, बासष्ट…” आई शाळेतल्यासारखी म्हणू लागली. कवळी सैल असली की ‘स’ शिट्टी मारतो, जाड झाली की ‘ष्ट’ अडखळतो. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. सदुसष्ट, अडुसष्ट. एकही अक्षर घसरलं नाही. इतक्या लांबून, नुसत्या कानानं, तिनं आपलं काम तपासलं आणि तिला आनंदानं रडू आलं.

व्हिडिओवर बघायचा प्रश्नच नव्हता. “स्वतःचं तोंड समोर बघत बोलायचं म्हणजे आरशाशी भांडल्यासारखं,” असं म्हणून आईनं तो प्रकार केव्हाच बंद केला होता.

दीड-दोन महिने गेले. एका मंगळवारी लॅबची वीज गेली आणि सगळ्यांना सकाळीच घरी सोडलं. अवचित मिळालेला दिवस. रस्ते रिकामे, धुकं पांढरं शुभ्र, आणि आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी दिवसात शिरलोय असं तिला वाटत होतं. पुलावर थांबून तिनं घरी फोन लावला. तिकडे दुपार असेल.

“हॅवो?” पलीकडून आवाज आला. मऊ, गोल, कडा नसलेला.

“आई? मी आहे.”

“अगं! आज कशी काय?” प्रत्येक शब्द कापसात गुंडाळून आल्यासारखा. “आत्ताच धुवायवा काढवी होती बघ.”

धाकटी बरं म्हणाली. पण मग तिनं गुरुवारी फोन केला. शनिवारी सकाळी केला. दोन्ही वेळेला कवळी नुकतीच धुवायला काढलेली. आणि रविवारी, नेहमीच्या वेळी, आवाज पुन्हा खणखणीत.

तिनं उस्तादाकडे तीन आठवड्यांची रजा मागितली.

घरी पोचली ती दुपारी. आई दारात उभी होती, कवळी घालून, आणि हसली तेव्हा तो तिरका सुळा दिसला. पण चेहरा बारीक झाला होता. गालाची हाडं वर आली होती. आईनं आग्रह करकरून तिला वाढलं, स्वतः मात्र “मी मघाशीच जेवले” म्हणून समोर नुसती बसून राहिली. जेवण झाल्यावर धाकटीच्या डोळ्यांवर अशी झापड आली की ती भिंतीकडे तोंड करून झोपली ती झोपलीच.

जाग आली तेव्हा खोलीत पिवळा उजेड होता. पहाट की संध्याकाळ, काही कळेना. भिंतीवरचा पोपडा ओळखीचा होता, पण तो कुठल्या घरातला हे पटकन आठवेना. क्षणभर तिला वाटलं, उठून दार उघडलं तर समोर नदी असेल. मग आतून कुजबुज ऐकू आली.

“खा ओ अजून दोन घास,” वहिनी म्हणत होती. “ताई झोपल्यात.”

ती अनवाणी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. आई खिडकीशी बसली होती. पुढ्यात वाटी, वाटीत दुधात कुस्करलेला पाव. तोंडाचं बोळकं. खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलची डबी उघडी होती, तिच्यात ती कवळी, आणि कवळीच्या आतल्या बाजूला नीट थापून बसवलेला कापूस.

आईनं वर पाहिलं. वाटी पदराखाली सरकवायचा एक वेडा प्रयत्न केला.

“कधीपासून?” धाकटीनं विचारलं.

“काय कधीपासून?”

“आई.”

“पहिल्यापासून,” वहिनीच म्हणाली. “मी सांगणार होते ओ. पण यांनी मला शपथ घातली. रविवारी तेवढा कापूस लावून घालतात. फोन झाला की काढतात. जखमा झाल्यात आत.”

“सवय होईव म्हटवं,” आई म्हणाली. “बूट नाही का, आधी चावतो.”

“तीन महिने? अगं, मला सांगायचं ना!”

“सांगून काय करणार होतीस तिथून?”

आई काही टाकून बोलली नव्हती. अगदी साधं विचारलं होतं. धाकटीला उत्तर सुचेना. आपल्याच भाषेत, आपल्याच स्वयंपाकघरात, पहिल्यांदा.

मग आईनंच तिला जवळ बसवलं. “आणि तू सांगतेस का सगळं? गेव्या वर्षी आजारी पडवी होतीस.”

“तुला कोणी सांगितलं?”

“कुणी कशावा सांगायवा हवं? झोपून बोवत होतीस. बसवेव्या माणसाचा आवाज आणि झोपवेव्याचा, मवा कळत नाही? काय झावं होतं?”

“अपेंडिक्स,” धाकटी म्हणाली. “भाजी मस्त झाली होती म्हणून सांगितलं होतं मी तुला त्या दिवशी.”

“आणि मी म्हटवं, कृती सांग. तर तुवा सांगता येईना.”

वहिनी आधी हसली. मग तिघी हसल्या, आणि हसता हसता धाकटीनं बॅटरी मागितली, चमचा घेतला, आणि आईला तोंड उघडायला लावलं. वरच्या हिरडीवर उजव्या बाजूला, हौसेनं तिरक्या लावलेल्या त्या सुळ्याच्या बरोबर वर, लालभडक जखम होती. आणि हिरडी कितीतरी झिजलेली. ज्या जबड्याला ती रोज ‘येते गं’ म्हणून निघत होती, तो या तोंडात आता नव्हताच.

जखम भरायला आठवडा लागला. मग नवीन माप आणि ती कवळी घेऊन ती जुन्या लॅबमध्ये गेली. शेठ केव्हाच वारले होते. लॅब आता पावडर चालवत होता. पावडर म्हणजे नऊ वर्षं तिच्या शेजारी प्लास्टर कालवणारा. डोक्यापासून पायापर्यंत कायम पांढरा, म्हणून हे नाव. आता त्याचे केसच पांढरे झाले होते, त्यामुळे नाव शोभत होतं.

“ये, ये, परदेशी पाहुणीबाई!” तो ओरडला. “बादली कोपऱ्यात आहे. तुझी तुला सापडेल.”

“दात लावणाऱ्याच्या खिडकीत बसलायस की रे.”

“तू गेलीस म्हणून. शेठना बसवायला दुसरं कुणी उरलंच नाही.” त्यानं तिच्या हातातून कवळी घेतली आणि उजेडाकडे धरली. मग थट्टा त्याच्या चेहऱ्यावरून उतरली. बराच वेळ तो ती फिरवत राहिला. “असा दात लावता येतो,” तो हळूच म्हणाला, “हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. पण लावायला वेळ कोण देतो इथे? दिवसाला अकरा कवळ्या काढतो मी.”

आठ दिवस ती त्याच्याकडे जात राहिली. कवळीला आतून नवा थर द्यायचा होता, सुळा थोडा सरळ करायचा होता. काम चार दिवसांचं, तिनं आठ दिवस लावले. दुपारी पंखा घरघरायचा, प्लास्टरचा भुगा उन्हाच्या तिरिपेत तरंगायचा, आणि तिला वाटायचं, आपण कधी गेलोच नव्हतो. समोर बादलीपाशी दोन मुली प्लास्टर कालवत असायच्या. त्यातल्या एकीची मान आपल्यासारखी आहे असं तिला उगाच वाटे. पावडरच्या एका टोमण्याला तिनं असं उत्तर दिलं की त्या मुलींना हसू आवरेना, आणि उत्तर जागच्या जागी सुचल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

“राहा की इथेच,” पावडर एकदा म्हणाला. “भागीदारी करू. बाजूचा गाळा रिकामा आहे. तुझ्यासाठी दुसरी खिडकी पाडू.”

“आणि अकरा कवळ्या?”

“ते मात्र आहेच.” त्यानं हातावरचा भुगा झटकला. “माझी म्हातारी सात वर्षं अंथरुणाला होती. रोज सातच्या ठोक्याला घरी जायचो मी. कंटाळायचो, खोटं कशाला सांगू. तुझा हेवा वाटायचा. ही तिकडे मजेत असेल, म्हणायचो.”

“मला तुझा वाटतो. आत्ताच वाटायला लागलाय.”

“मग बरोबर आहे. फिटंफाट.”

तिनं नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही.

कवळी बसली. या वेळी अंक म्हणायला सांगितले नाहीत. आईनं पेरू घेतला आणि कचकन चावा घेतला. त्या आवाजानं आईच दचकली, आणि मग पेरू संपेपर्यंत तिनं कुणाशी बोलायला नकार दिला.

त्या संध्याकाळी धाकटीनं पावडरच्या भागीदारीची गोष्ट काढली. आई खूश होईल, डोळे पुसेल, असं तिला वाटलं होतं. आई पेरूची बी जिभेनं शोधत बसली होती.

“माझ्यासाठी येणार असशील तर येऊ नकोस,” ती म्हणाली. “रोज सकाळी उठून माझ्याकडे बघशील, आणि मी जिवंत आहे ना म्हणून खात्री करशील. वैताग नुसता. तुझ्यासाठी यायचं असेल तर ये.”

“मग काय करू?”

“मला तिकडे ने.”

“तुला? आई, तीन जिने आहेत. थंडी असते. कुणाशी बोलता येणार नाही तुला.”

“सोळा वर्षं हेच सांगतेस. मी एकदा तरी म्हटलं का, जिने नकोत म्हणून? तू जिथे राहतेस ती जागा मला नुसती ऐकून माहीत आहे. मनात एक घर बांधलंय मी. त्याला हिरवी दारं आहेत. आहेत का हिरवी?”

“तपकिरी आहेत.”

“बघ!” आई म्हणाली. “सगळं चुकलेलं असणार.”

कागदपत्रांना चार महिने लागले. आई आली ती कानटोपी, दोन शाली आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन. तीन जिने चढताना प्रत्येक मजल्यावर बसली आणि प्रत्येक मजल्यावर म्हणाली, “बरे आहेत की जिने.” फळीवर स्वतःचा जबडा दिसला तेव्हा तिनं तो उचलला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “ही कोण भवानी?” धाकटीनं तो कागदात गुंडाळून खाली कचऱ्याच्या पेटीत नेऊन टाकला. टाकताना वाटलं तितकं काही वाटलं नाही.

लॅब बघायची आईची फार इच्छा. उस्ताद उठून उभा राहिला आणि वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. आईनं सरळ खुर्चीत बसून आ केला. उस्तादानं भिंग डोळ्याला लावलं, दिवा ओढला, आणि पाच मिनिटं आईच्या तोंडात डोकावून मग धाकटीकडे वळून म्हणाला, “आता हे माप अलीकडचं आहे.” धाकटीचे कान तापले. म्हणजे माप जुनं आहे हे या माणसाला तेव्हाच कळलं होतं, आणि त्यानं पुढे एक अक्षर काढलं नव्हतं.

“काय म्हणतोय?” आईनं विचारलं.

“तू सुंदर दिसतेस म्हणतोय.”

“मेला चावट,” आई म्हणाली आणि प्रसन्न हसली.

दुसऱ्या आठवड्यात धाकटी कामावरून आली तर घरात आई नाही. शाल नाही, चपला नाहीत. धुकं उतरायला लागलं होतं. ती तीन जिने धावत खाली आली, कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली, आणि या भाषेत ‘माझी आई हरवली’ कसं म्हणतात हे तिला काही केल्या आठवेना. मग तिला शेजारच्या दुकानाच्या काचेतून आई दिसली.

ते शिंपिणीचं दुकान होतं. सोळा वर्षं ती त्याच्यावरून जात होती; आत एकदाही गेली नव्हती. आई स्टुलावर बसून एका जाड कोटाला काज करत होती. समोर साठीची शिंपीण चष्मा कपाळावर चढवून ते काज बघत होती, अगदी पावडरनं कवळी बघितली तसं.

“अगं, काचेतून बघत होते मी,” आई म्हणाली. “दोरा किती ढिला धरत होती! राहवेना. आत गेले आणि घेतला हातातून.”

“आई, न सांगता कशी गेलीस? मला काय वाटलं असेल!”

“काय सांगू तुला गंमत. रस्त्यानं एवढी चालत गेले, परत आले, एकानं विचारलं नाही कुठे चाललात, नातवंडं किती, डोळ्याचं ऑपरेशन झालं का. पिसासारखं वाटलं. तू इथे का राहिलीस ते मला आज कळलं.” मग सुईत दोरा ओवताना म्हणाली, “पण तासाभरानं कुणीतरी विचारावं असं वाटायला लागलं. म्हणून आत शिरले.”

दोन महिने आई रोज दुपारी त्या दुकानात जात राहिली. शिंपीण तिच्या भाषेत बोलायची, आई आपल्या. दोघींचं कधी अडलं नाही. एकदा परतीचं तिकीट पुढे ढकलायला लावलं. कारण विचारलं तर म्हणे, “बारा कोट आलेत. तिला एकटीला कशी टाकून जाऊ?” धाकटीला हसू आलं, आणि कुठेतरी बारीक कळही आली. सोळा वर्षांत आपल्याला कुणासाठी तिकीट पुढे ढकलावं लागलं नव्हतं.

शेवटी आई गेली. विमानतळावर रडली नाही, कानटोपी सारखी करत म्हणाली, “मला हे घर आता दिसतं बरं का. तपकिरी दारांसकट.” पावडरला धाकटीनं पत्र लिहिलं की भागीदारी नको, पण दर वर्षी दोन महिने येईन, त्या दोन मुलींना दात लावायला शिकवीन, आणि दिवसाला अकरा काढणार नाही. त्याचं उत्तर आलं, “नऊ?” उस्ताद दोन महिन्यांच्या रजेवरून आठवडाभर घुश्शात होता, मग एका सकाळी त्यानंच कॅलेंडरवर ते दोन महिने पेन्सिलीनं रंगवले.

आई गेल्यानंतरच्या शुक्रवारी ती कामावरून परतत होती. शिंपिणीचं दार उघडं होतं. शिंपिणीनं काचेवर टकटक केली आणि विचारलं, “आई पोचली का नीट? कशी आहे?”

“छान आहे,” असं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. ती थांबली.

“सर्दी झालीय,” ती म्हणाली. “घसा बसलाय. वहिनीवर चिडचिड करतेय. औषध घेत नाही, खोटंच सांगते घेतलं म्हणून.”

“माझी तशीच होती,” शिंपीण म्हणाली आणि स्टुलावरचे कपडे उचलून बाजूला ठेवले.

धाकटीनं पिशवी खाली ठेवली. बाहेर दिवे लागत होते, धुक्यात एकेक विरघळत होता. ती आत जाऊन बसली, आणि शिंपिणीची आई औषध कुठे लपवायची ते ऐकू लागली.